ऑबिच्युअरी: 'कॉज ऑफ डेथ' की 'दि एंड कम्प्लीट'? फरक नक्की कुठे ऐकायचा

ऑबिच्युअरी या अमेरिकन डेथ मेटल बँडचे हे दोन अल्बम लोक सर्रास एकमेकांत मिसळतात आणि खरं सांगायचं तर त्यात नवल काही नाही. 'कॉज ऑफ डेथ' १९९० चा, 'दि एंड कम्प्लीट' १९९२ चा, दोन्ही फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओतले, दोन्हीकडे निर्माता स्कॉट बर्न्स, दोन्हीत ९-९ गाणी, आणि गायक जॉन टार्डी दोन्हीकडे आतडी बाहेर यावीत तसाच ओरडतो. बदललाय एकच माणूस, लीड गिटारवाला.

झालं असं की पहिल्या अल्बमनंतर, म्हणजे 'स्लोली वी रॉट' (१९८९) नंतर, लीड गिटारवाला अ‍ॅलन वेस्ट बाहेर पडला आणि त्याच्या जागी जेम्स मर्फी आला, जो नुकताच डेथ या बँडच्या 'स्पिरिच्युअल हीलिंग'वर वाजवून मोकळा झाला होता. एक अल्बम करून हाही गेला, आधी कॅन्सर नावाच्या बँडमध्ये, मग पुढे टेस्टामेंट बँडचा 'लो' अल्बम, गडी एका जागी टिकेल तर शपथ! मग वेस्ट परत.

आता ऐकताना ओळखायचं कसं, तर सोलो सुरू होईपर्यंत थांबा. मर्फीचा सोलो गातो. एकेक सूर नीट लांबवतो, त्याला सुरुवात असते, चढ असतो, कुठे उतरायचं ते ठरलेलं असतं आणि खाली एवढा चिखल चाललेला असताना वर हे असं स्वच्छ काहीतरी तरंगत राहतं, म्हणूनच तो अल्बम हेडफोनवर जास्त भारी वाटतो. वेस्ट म्हणजे चिडलेल्या गांधीलमाशीसारखा, येतो, व्हॅमी बार (सूर वरखाली खेचणारा गिटारचा दांडा) पिळतो, किंचाळतो आणि तुम्हाला कळायच्या आत रिफ (गाण्याची पुन्हा पुन्हा येणारी गिटारची धून) परत चालू. सूर लक्षात राहत नाही, दणका राहतो.

पण "मर्फीने बँडचा साउंडच बदलला" असं जे म्हणतात ना, ते मला अजिबात पटत नाही. तो जाडजूड, कुजका गिटार टोन रिदम गिटारवाल्या ट्रेव्हर पेरेसचा, स्ट्रॅटोकास्टर आणि रॅट डिस्टॉर्शन पेडल, आणि तो दोन्हीकडे तोच आहे. सेल्टिक फ्रॉस्ट या बँडचं वेड पण आधीपासूनचंच, 'कॉज'वर तर त्यांचं 'सर्कल ऑफ द टायरंट्स' चक्क वाजवलंय. डेथमध्ये गिटारिस्ट बदलला की अख्खा बँड बदलायचा कारण त्या बँडचा म्होरक्या चक शुल्डिनर स्वतःच दर अल्बमला बदलत होता, इथे तसं काही नाही.

'एंड कम्प्लीट' म्हणूनच काहींना सपाट वाटतो. वरचा थर काढला की खाली जे मूळ ऑबिच्युअरी उरतं ते हेच, आणि मला तरी ते आवडतं, 'आय'म इन पेन' सुरू झालं की मान आपोआप हलते. पण दोन्हीतला एकच ठेवायचा म्हटलं तर 'कॉज' ठेवेन, वर मायकल व्हेलनचं ते कव्हर आहेच (जे आधी सेपल्चुरा या बँडला हवं होतं).

२०२२ मध्ये 'कॉज ऑफ डेथ'चं अख्खं लाइव्ह रेकॉर्डिंग आलं, 'लाइव्ह इन्फेक्शन' नावाने. त्यात मर्फीही नाही, वेस्टही नाही, लीडला केनी अँड्र्यूज. रिदमला अर्थातच ट्रेव्हर.