झेंडावंदन: १५ ऑगस्टची तारीख आणि तिरंग्याची दोरी

१९४७ पूर्वी आपला स्वातंत्र्यदिन २६ जानेवारीला पाळला जायचा. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि १९३० पासून दरवर्षी त्या तारखेला गावोगाव लोक जमून झेंडा उभारत, प्रतिज्ञा म्हणत. त्यापायी अटकही पत्करत. १५ ऑगस्ट ही तारीख मात्र शेवटचे ब्रिटिश व्हाइसरॉय माउंटबॅटन यांची. ब्रिटिश सरकारने सत्ता सोडायला जून १९४८ ची मुदत घातली होती. माउंटबॅटन यांनी ती अलीकडे आणली आणि दोन वर्षांपूर्वी जपानने शरणागती जाहीर केली तोच दिवस धरला. लोकांनी सतरा वर्षे जपलेली तारीख मागे पडू नये, म्हणून १९५० साली राज्यघटना २६ जानेवारीलाच अंमलात आणली गेली.

हा इतिहास झेंड्याच्या दोरीतही उतरला आहे. १५ ऑगस्टला तिरंगा खांबाच्या तळापासून वर चढवायचा असतो, कारण त्या दिवशी परका झेंडा उतरून आपला वर गेला. हे ध्वजारोहण. प्रजासत्ताकदिनी देश आधीच स्वतंत्र असल्याने घडी केलेला ध्वज वरच बांधून ठेवतात आणि दोरी ओढून नुसता उलगडतात. बऱ्याच शाळा दोन्ही दिवशी वरच बांधतात. सवयीपोटी मुलांच्या डोळ्यांसमोरून हा फरक निघून जातो, याचे वाईट वाटते.

उघडा ध्वज चढवणे सोपेही असते आणि फसतही नाही. ध्वजसंहितेप्रमाणे तो झपझप चढवायचा, उतरवताना सावकाश. घडी बांधायचीच असेल तर आदल्या दिवशी त्याच ध्वजावर, त्याच दोरीवर तालीम करा. झेंडा उलटा फडकतो तो बहुधा घडीमुळे: आत केशरी कुठे आणि हिरवा कुठे हे दिसत नाही. म्हणून केशरी पट्टीकडचे टोक वरच्या दोरीला अडकवून मगच घडी घालावी. गाठ सरकफासाची, म्हणजे ओढताच सुटणारी हवी. ऑगस्टच्या पावसात सुती दोरी फुगते, पक्की गाठ आवळते आणि राष्ट्रगीताची वेळ झाली तरी झेंडा गाठोड्यासारखा वर लटकत राहतो. घडीत फुलांच्या पाकळ्या चालतात, पण ओल्या नकोत. कापडाला डाग पडतात.

ध्वजाचे लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२, अशोकचक्राचे आरे २४. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने तो स्वीकारला, काँग्रेसच्या झेंड्यातल्या चरख्याच्या जागी चक्र आले. लाल किल्ल्यावर नेहरूंनी तो पहिल्यांदा चढवला १६ ऑगस्टला.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे स्वातंत्र्य पोहोचले १७ सप्टेंबर १९४८ ला, म्हणून तिथे मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदनही होते.