खाडीच्या वाऱ्यात जुनी स्पोर्ट्स कार

जुनी स्पोर्ट्स कार बघायला गेलात की मालक आधी इंजिन सुरू करून दाखवतो. आवाज ऐकून मन भरतं, आणि तिथेच फसगत होते. इंजिनाचे पार्ट शोधता येतात, नाही मिळाले तर लेथवर बनवून घेता येतात. पत्रा आतून सडलेला असेल तर मात्र खर्चाला अंत नाही. म्हणून आधी चटई पसरून गाडीखाली शिरावं. गाडी ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणार असेल तर हे टाळूच नये.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. पत्र्याच्या एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून दुसऱ्या जागी पोचतात आणि तिथे ऑक्सिजन त्यांना घेतो. पाण्यात मीठ असलं की हा विजेचा प्रवाह सोपा होतो. शिवाय साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं, तर समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. पाम बीच रोडला किंवा ऐरोलीला खाडीकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाडीवर मिठाचा थर बसला, तर जानेवारीच्या कोरड्या दिवसांतही तो पुरता सुकत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचा आणि वाहनांचा आम्लधर्मी धूर त्यात भर घालतो. १९७३ साली खुल्या झालेल्या ठाणे खाडीवरच्या पहिल्या पुलातल्या पोलादी केबल गंजल्या होत्या, आणि १९९७ मध्ये शेजारी नवा पूल सुरू झाला. तिथे तर पोलाद काँक्रीटच्या आत होतं. आपला पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा.

गंज नेमका कुठे धरतो, याचं उत्तर केंब्रिजचे गंजाचे अभ्यासक युलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात एका थेंबातून दाखवलं. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मधोमध पोचत नाही. आपल्याला वाटतं की जिथे ऑक्सिजन जास्त तिथे लोखंड जास्त खाल्लं जाईल. होतं उलटं: लोखंड विरघळतं ते मध्यभागी, आणि तपकिरी गंजाचं कडं उमटतं मध्य आणि कडेच्या दरम्यान. थेंब पुसला की मध्ये खड्डा दिसतो. हा प्रयोग घरी करण्यासारखा आहे, जुनी गाडी घेण्याआधी तर जरूर करावा. कारण गाडीत हाच थेंब स्पॉट वेल्डिंग केलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत असतो, रबरी मॅटखाली असतो, मडगार्डच्या आत साचलेल्या चिखलात असतो. वरचा रंग चकचकीत, आणि खाली चाळण. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंगाला फोड दिसला की आतलं काम बरंच पुढे गेलंय असं समजावं.

सॅन स्टॉर्म या भारतीय स्पोर्ट्स कारची बॉडी फायबरची, ती गंजत नाही. तिच्याखालचा पोलादी सांगाडा गंजतो. मद्रासमध्ये बनलेल्या स्टँडर्ड हेरल्डला बॉडीखाली वेगळी चॅसी, म्हणजे भार पेलणारा सांगाडा आहे, ती बघावी. १९६२ साली आलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला वेगळी चॅसीच नाही. दरवाजाखालच्या पोकळ पट्ट्या, म्हणजे सिल, गाडीचा भार पेलतात. उघड्या टपाच्या गाडीत तर सगळी मदार त्यांच्यावरच. दरवाजा उघडा-बंद करून फट नीट बघून ठेवा, मग सिलखाली जॅक लावून गाडी उचला. फट आवळली, दरवाजा घासू लागला, तर सिल गेलेली आहे. किंमत कितीही कमी असो, परत फिरा. पत्र्यावर पातळ फडकं ठेवून चुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे डेंटरने पुट्टी भरलेली आहे. पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायचा विचार असेल तर हेही ध्यानात ठेवा: २०२१च्या नियमांनुसार चॅसी किंवा बॉडीत मोठे बदल झालेले चालत नाहीत.

घेतल्यावर पहिलं काम म्हणजे गोड्या पाण्याने खालून धुणं आणि दरवाजे, सिल यांच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करणं. सुटा गंज खरवडून उरलेल्यावर फॉस्फोरिक आम्लाचं कन्व्हर्टर, म्हणजे गंजाला स्थिर थरात बदलणारं द्रावण लावावं, आणि उघड्या, स्वच्छ पत्र्यावर जस्ताचं प्रायमर. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, म्हणून बारीक ओरखडा पडला तरी पत्रा वाचतो. पोकळ भागांत मात्र लांब नळीने पातळ मेण फवारावं, ते फटीत शिरतं. गंजलेल्या पत्र्यावर थेट डांबरी अंडरबॉडी कोटिंग मारणं मला सर्वांत घातक वाटतं: थर सुकून तडकतो, पाणी आत शिरतं, आणि पुन्हा तोच इव्हान्सचा थेंब. पत्र्यात बारीक वीजप्रवाह सोडून गंज थांबवते असं सांगून विकली जाणारी, बॅटरीला जोडायची ‘गंजरोधक’ डबी विकत घेऊ नका. असं संरक्षण पाण्यात बुडालेल्या जहाजाला किंवा जमिनीतल्या पाइपला मिळतं, कारण प्रवाहाला सभोवती पाणी किंवा ओली माती लागते. हवेत उभ्या गाडीभोवती तसं काही नसतं.

पावसाळ्यात प्लास्टिकचं घट्ट कव्हर काढून ठेवा, मॅट उचलून उभ्या करा, आणि शक्य असेल तर पोडियमच्या कोपऱ्याऐवजी वारा खेळणारी, छताखालची जागा सोसायटीकडे मागून घ्या. मेणाचा नवा हात मे महिन्यात, पत्रा पुरता कोरडा असताना.