वाफा, हार्मोन आणि 'पिशवी काढून टाका'

डिसेंबरात धुळ्याचा पारा सात-आठ अंशांवर येतो. त्या थंडीत बाई रात्री दोनला गोधडी भिरकावून उठून बसते, मान-छाती घामानं ओली. मे महिन्यात हेच झालं की 'ऊन बाधलं' म्हणतात आणि विषय मिटतो. खानदेशात पाळी जातानाच्या वाफा अशा उन्हाळ्याच्या नावावर खपतात.

सुश्रुतसंहितेत पाळी जाण्याचं वय पन्नास दिलंय. आपल्याकडे ते सरासरी ४६-४७ भरतं. वाफांवरच्या औषधाचा इतिहास मात्र अलीकडचा. १९४२ साली अमेरिकेत गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या गोळ्या आल्या. १९७५ मध्ये दिसलं की नुसत्या इस्ट्रोजेननं गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि तिथला कर्करोग वाढतो. म्हणून पिशवी असलेल्या बाईला सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन देतात. मग २००२ मध्ये या जोडगोळीची मोठी चाचणी मधेच थांबवली: दर दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या आठ केसेस जास्त. त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३! धास्ती मात्र सत्तेचाळिशीच्या बाईनंही घेतली. साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर बहुतेकींना फायदा जास्त, हे पुढे स्पष्ट झालं. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी झालेलीला मात्र हे औषध सहसा देत नाहीत.

इकडे दुसराच सल्ला रुळला: अंगावरून जास्त जातंय ना, पिशवी काढून टाका. बीडच्या कितीतरी ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. चाळीसगावकडूनही टोळ्या ऊसतोडीला जातातच. पिशवी काढून वाफा थांबत नाहीत. सोबत दोन्ही अंडाशय गेले तर एका रात्रीत रजोनिवृत्ती येते, त्रास जास्त तीव्र होतो आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. म्हणून सही करण्याआधी विचारायचंच: अंडाशय ठेवणार का? सोनोग्राफी, थायरॉइड, अस्तराचा तुकडा तपासला का? गोळ्या किंवा हार्मोनची तांबी चालेल का? एकटीला विचारायला जड जात असेल, तर आशाताईला किंवा गटातल्या मैत्रिणीला सोबत न्यावं.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाळीच्या तारखेला गोल करा, रात्री वाफ आली तर फुली. डॉक्टरांना तीन महिन्यांची पानं दाखवली की अर्धं सांगणं होऊन जातं. सलग बारा महिने गोल नसेल तर पाळी गेली. त्यानंतर एक डाग जरी दिसला तरी 'परत आली' म्हणून सोडायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं.