१०० दिसतंय म्हणून लगेच कॅट-६ आणू नका

वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवर लिंक स्पीड (जोडणीचा वेग) १००० ऐवजी १०० एमबीपीएस दिसला, की अनेकांना केबल बदलावीशी वाटते. पण गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, कॅट-६ दर्जाची नेटवर्क केबलच लागते, हा समज चुकीचा. तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटचं मानक १९९९ मध्ये आलं तेच जुन्या कॅट-५ केबलवर १०० मीटर चालावं म्हणून. घरातली कॅट-५ई (कॅट-५ची सुधारित आवृत्ती) पुरून उरते. खरी गोम केबलमधल्या तारांच्या जोड्यांत. १०० एमबीपीएसला कनेक्टरच्या आठपैकी पिन १, २, ३, ६ पुरतात. गिगाबिटला आठही तारा लागतात. ४, ५, ७, ८ पैकी एक जरी नीट क्रिंप झाली नाही (कनेक्टरमध्ये दाबून बसली नाही), तरी बहुतेक पोर्ट निमूट १००वर उतरतात. नेट चालूच राहतं, म्हणून शंकाही येत नाही.

आधी दुसरी, धड केबल लावून सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड पाहा. १००० आला, तर जुनीची दोन्ही टोकं कापून नवे आरजे-४५ कनेक्टर (नेटवर्क केबलच्या टोकाचे प्लग) बसवा. दुसऱ्या केबलवरही १००च? राउटरचा पोर्ट तपासा. बऱ्याच स्वस्त राउटरचे लॅन पोर्ट मुळातच १००चे असतात. तिथे आणखी वरच्या दर्जाची कॅट-८ लावूनही उपयोग शून्य.