आरोग्य-साक्षरतेचे स्वयंचलित भाषामापन

रुग्णाने स्वतः लिहिलेल्या मजकुरावरून त्याच्या आरोग्य-साक्षरतेचा अंदाज संगणकाकरवी बांधण्याची पद्धत. आजार आणि उपचार यांविषयीची माहिती मिळवणे, ती समजून घेणे आणि तिच्या आधारे निर्णय घेणे या क्षमतेला आरोग्य-साक्षरता म्हणतात. मजकूर बहुधा आरोग्यसंस्थेच्या ऑनलाइन पोर्टलवरून डॉक्टरांना पाठवलेल्या संदेशांचा असतो. संगणक मोजतो ते लेखन; आकलन नव्हे. या दोहोंतले अंतर सर्व रुग्णगटांत सारखे नसते, आणि मापन न्याय्य ठरते की नाही ते त्यावर अवलंबून असते.

याआधीच्या चाचण्या रुग्णाला समोर बसवून घ्याव्या लागत. १९९३ मधील ‘रीम’ चाचणीच्या आवृत्तीत ६६ वैद्यकीय शब्द मोठ्याने वाचायचे असतात. उच्चार बरोबर आला की गुण मिळतो. अर्थ कळला का, हे ती विचारत नाही. १९९५ च्या ‘टोफला’त वाचनाचे ५० आणि आकडेमोडीचे १७ प्रश्न असून तिला सुमारे २२ मिनिटे लागतात. ‘न्यूएस्ट व्हायटल साइन’ (२००५) एका खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील पोषणतक्त्यावर ६ प्रश्न विचारते. ‘वैद्यकीय अर्ज स्वतः भरताना किती आत्मविश्वास वाटतो?’ अशी थेट विचारणाही करतात; पण कमी येते हे कबूल करायला माणसाला संकोच वाटतो, त्यामुळे उत्तरे वरच्या बाजूला झुकतात. हजारो रुग्णांसाठी यांतले काहीच झेपत नाही. आधीच लिहिलेले संदेश तपासण्याची कल्पना त्यातून आली. या क्षेत्रातील ठळक काम म्हणजे ‘एक्लिप्स’ प्रकल्प. उत्तर कॅलिफोर्नियातील कायझर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेच्या मधुमेही रुग्णांच्या संदेशांवरून त्यात ‘साक्षरता आलेख’, म्हणजे भाषेवरून काढलेले साक्षरतेचे गुण, तयार केले गेले. त्याचे मुख्य निष्कर्ष २०२० आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

कामाचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक टप्पा म्हणजे मजकुराची सफाई. नाव, क्रमांक, पत्ता आधी पुसावे लागतात. डॉक्टरांच्या जुन्या उत्तरातला खाली चिकटून आलेला मजकूर, आपोआप पडणारी सही, चिकटवलेली औषधांची यादी हे सर्व काढावे लागते. नाहीतर डॉक्टरांची भाषा रुग्णाच्या खात्यावर जमा होते. पुढचा धोका दुसऱ्याच्या हातचे संदेश. ‘आईला कालपासून चक्कर येते आहे’ असे आईच्याच खात्यावरून आले, तर लिहिणारी मुलगी किंवा मुलगा आहे. नात्याचे शब्द आणि तृतीयपुरुषी क्रियापदे यांवरून असे बरेच संदेश हेरता येतात. ‘मला’ असे लिहून देणारा नातेवाईक मात्र सुटतो. शुद्धलेखन या टप्प्यावर सुधारायचे नसते. एका रुग्णाचे सर्व संदेश एकत्र जोडतात, आणि ५० शब्दांहून कमी मजकूर उरल्यास अंदाज न देणेच बरे, कारण शब्दवैविध्याचे बहुतेक निर्देशक एवढ्या तुटपुंज्या मजकुरावर डळमळतात.

मग निर्देशक काढतात: शब्द किती प्रचलित वा विरळ आहेत, शब्दांची पुनरावृत्ती किती, वाक्यरचना किती गुंतागुंतीची, एक वाक्य पुढच्याला कसे जोडले आहे. मजकूर वाचायला किती सोपा हे सांगणारी निव्वळ सुवाचनीयतेची सूत्रे इथे फसतात. मजकूर समजायला कोणत्या इयत्तेचे शिक्षण लागेल हे सांगणारे १९७५ चे फ्लेश-किंकेड सूत्र असे: दर वाक्यामागील शब्द गुणिले ०.३९, अधिक दर शब्दामागील उच्चारावयव (सिलॅबल) गुणिले ११.८, वजा १५.५९. समजा, एका इंग्रजी संदेशात ६० शब्द आणि ७२ उच्चारावयव आहेत, पण पूर्णविराम एकही नाही. सूत्र त्याला एकच वाक्य धरते आणि इयत्ता येते सुमारे २२. त्याच मजकुरात सहा पूर्णविराम घातले की इयत्ता अडीचवर येते. विरामचिन्हे न वापरणारा माणूस अशा रीतीने पदवीधराच्याही वर जाऊन बसतो. मराठीत तर हे सूत्र जसेच्या तसे लावताच येत नाही. ‘दवाखान्यातल्यांसाठी’ यासारख्या शब्दात प्रत्यय पोटातच असल्याने शब्दाची लांबी कठीणपणा दाखवत नाही.

या निर्देशकांवरून अंदाज बांधणारे संगणकीय प्रारूप (मॉडेल) शिकवायला आधी कोणीतरी ‘खरे’ उत्तर द्यावे लागते, आणि पक्षपात बहुधा इथूनच शिरतो. परीक्षकाला बोलीतले क्रियापद किंवा चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ खटकला की तो गुण कापतो. पण ‘गोळी सकाळी घेतो तर साकर कमी होते, दुपारी घेऊ का’ असे लिहिणाऱ्याला आपल्या औषधाचा परिणाम कळलेला आहे, योग्य प्रश्नही सुचलेला आहे. म्हणून परीक्षकांना रुग्णाचे नाव, वय, भाषा कळू नये. निकषांत शुद्धलेखन आणि आशय वेगळे ठेवावेत. प्रत्येक मजकूर किमान दोघांनी स्वतंत्रपणे तपासावा आणि त्यांचे एकमत किती ते आकड्यात नोंदवावे. मजकुरांचा संच प्रारूपाची शिकवणी आणि परीक्षा यांसाठी विभागताना रुग्णांनुसार विभागावा. संदेशांनुसार विभागल्यास एकाच माणसाचे संदेश शिकवणीत आणि परीक्षेत दोन्हीकडे येतात, प्रारूप त्याची लकब ओळखते आणि अचूकता खोटी वाढते.

एकूण अचूकतेचा आकडा न्याय्यतेबद्दल काहीच सांगत नाही. समजा, पहिल्या गटातील ८० मर्यादित-साक्षर रुग्णांपैकी ६४ आणि दुसऱ्या गटातील २० पैकी १० प्रारूपाने ओळखले. एकत्रित संवेदनशीलता, म्हणजे ओळखल्या गेलेल्यांचे प्रमाण, ७४ टक्के दिसते, पण दुसऱ्या गटातला अर्धा वर्ग निसटला आहे. भाषा, वय, शिक्षण, दृष्टिदोष अशा प्रत्येक गटासाठी निसटलेले आणि चुकून धरलेले रुग्ण वेगळे मोजलेच पाहिजेत. त्यातही गणिती अडचण आहे: दोन गटांत मर्यादित साक्षरतेचे मूळ प्रमाण वेगळे असेल, तर गुणांचा अर्थ दोन्हीकडे सारखा ठेवणे आणि दोन्ही प्रकारच्या चुका समान ठेवणे एकाच वेळी साधत नाही; अपवाद फक्त चुकाच न करणाऱ्या प्रारूपाचा. कोणती चूक अधिक महाग, हे माणसांनी ठरवून ते लिहून ठेवावे. निकालावरून फक्त सोपे पत्रक आणि जास्त वेळ मिळणार असेल, तर चुकून धरलेल्याचे फारसे बिघडत नाही, निसटलेल्याचे बिघडते. तेव्हा थोडा संशय असला तरी रुग्ण धरला जाईल असा उंबरठा ठेवावा. त्याच निकालावरून कोणाला गुंतागुंतीचे उपचार नाकारले जाणार असतील, तर हे साधन तिथे वापरूच नये.

जे संदेश पाठवतच नाहीत त्यांच्याबद्दल ही पद्धत मूक असते, आणि मदतीची सर्वाधिक गरज असलेले बरेच जण त्यांच्यातच असतात. ‘माहिती नाही’ ही नोंद त्यामुळे ‘पुरेशी साक्षरता’ या खान्यात जाता कामा नये. बोलून टाइप करण्याची सोय आणि आपोआप शब्द दुरुस्त करणारे कळफलक यांमुळे जुन्या मजकुरावर घडवलेले प्रारूप नव्या मजकुरावर घसरते. गटवार तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. गुण कमी आला तरी रुग्णाच्या नोंदीत शिक्का मारण्याऐवजी पुढच्या भेटीत ‘ही गोळी घरी कशी घेणार, मला सांगा’ असे विचारतात, आणि उत्तर चुकले तर समजावण्याची पद्धत बदलून पुन्हा विचारतात.