अनुभव नाही म्हणून बाल संरक्षणाची जाहिरात सोडू नका: अर्ज, पात्रता, कागदपत्रं

जिल्हा बाल संरक्षण कक्षाची, म्हणजे जिल्ह्यात मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयाची, भरतीची जाहिरात आली की एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स पदवी) झालेली कितीतरी पोरंपोरी 'अनुभव' हा शब्द वाचूनच पान बंद करतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा त्याच जाहिरातीत दोन ओळी खाली त्यांच्यासाठी पद असतं.

हे कक्ष आता मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेखाली चालतात, म्हणजे पूर्वीची एकात्मिक बाल संरक्षण योजना. पदं कंत्राटी असतात. जाहिरात जिल्ह्याच्या सरकारी वेबसाईटवर भरतीच्या पानावर येते, कधी कधी अर्जाला फार थोडे दिवस देतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी ते पान उघडून बघायची सवय लावा, आपल्या जिल्ह्याचं आणि शेजारच्या दोन जिल्ह्यांचंही.

जाहिरात वाचताना दोनच शब्द शोधा, 'आवश्यक' आणि 'प्राधान्य'. मिशन वात्सल्यच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत समुपदेशकाला किमान 1 वर्षाचा अनुभव आवश्यक आहे, तिथे फ्रेशरचा अर्ज छाननीतच बाद होतो. पण सामाजिक कार्यकर्ता या पदाला पदवी लागते, समाजकार्य किंवा समाजशास्त्र असेल तर उत्तम, आणि अनुभव असेल तर फक्त झुकतं माप मिळतं. क्षेत्रीय कार्यकर्ता म्हणजे आऊटरीच वर्करला तर 12वी पास चालतं. मानधन केंद्राच्या सूचनेप्रमाणे सामाजिक कार्यकर्त्याला महिन्याला 18,536 आणि आऊटरीचला 10,592 रुपये, कमीच आहे, घरभाडं भरून काय उरणार हा हिशोब आधी घरी बसून करा. संरक्षण अधिकारी पदाचंही बघा, तिथे संबंधित विषयात पोस्ट ग्रॅज्युएट असाल तर चालतं, 2 वर्षांच्या अनुभवाची अट नुसती पदवी असणाऱ्यांना आहे. हे माहीत नसल्यामुळे एमएसडब्ल्यूवाले तिथे अर्जच करत नाहीत. जिल्ह्याच्या जाहिरातीत थोडा फरक असू शकतो, शेवटी तीच धरायची.

आता अनुभवाचं. एमएसडब्ल्यूचं फील्डवर्क तुम्ही दोन वर्षं केलंत ना, आठवड्याचे दोन दिवस, वर ब्लॉक प्लेसमेंट (एका संस्थेत सलग काही दिवस काम), ते काम नव्हतं का? वस्तीत शाळाबाह्य मुलांच्या घरी गेलात, अंगणवाडीत बसलात, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात पेशंटच्या नातेवाईकांशी बोललात, हे सगळं मोजता येतं, फक्त कागदावर हवं. त्या संस्थेकडून लेटरहेडवर पत्र घ्या, तारखेपासून तारखेपर्यंत, काम काय केलं, किती कुटुंबं, सही, शिक्का. 'चांगलं काम केलं, शुभेच्छा' असं पत्र काही उपयोगाचं नाही. आणि कॉलेज सोडायच्या आधीच घ्या, नंतर सुपरवायझर बदलतात आणि मग फेऱ्या मारत बसावं लागतं. हे पत्र नोकरीचा अनुभव म्हणून दाखवू नका, फील्डवर्क म्हणूनच लिहा, खोटं पकडलं गेलं की नाव कायमचं खराब होतं.

कागदपत्रांत मार्कशीट आणि पदवी, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, डोमिसाईल, एमएससीआयटी, राखीव जागा असेल तर जातीचा दाखला, वैधता आणि लागू असेल तिथे नॉन क्रिमिलेअर. नॉन क्रिमिलेअरची मुदत संपलीय का ते आजच बघा, शेवटच्या दिवशी सेतूत रांग लावून काही होत नाही. प्रती स्वतः सही करून जोडा आणि अर्ज जाहिरातीतल्याच नमुन्यात भरा. पोलीस पडताळणी तर होणारच, पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालच्या नियम 2020 प्रमाणे मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या स्टाफची ती करावीच लागते, आणि ती असावीच.

मुलाखतीत 'अनुभव काय' यापेक्षा 'असं झालं तर काय कराल' जास्त विचारतात. समजा 15 वर्षांच्या मुलीचं परवा लग्न आहे असा 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन आला. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) असतो हे माहीत पाहिजे. बाल न्याय कायदा 2015 प्रमाणे ती मुलगी काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरते, ताब्यात घेतलं तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं, हे पण. समिती आणि बाल न्याय मंडळ यातला फरक, सामाजिक तपासणी अहवालात काय लिहितात, बाल संगोपन योजना कोणासाठी, एवढं पक्कं करून जा. तुमच्या फील्डवर्कची केस सांगाल तेव्हा मुलाचं नाव, गाव, शाळा काहीच सांगायचं नाही. बाल न्याय कायद्याचं कलम 74 ओळख उघड करायला मनाई करतं आणि समोर बसलेले लोक नेमकं हेच बघत असतात.

जागाच निघाली नाही तर? बालगृह किंवा निरीक्षणगृह चालवणाऱ्या संस्थांकडे बायोडाटा द्या, रेल्वे स्टेशनवरच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे द्या. तिथे रात्रपाळीला कोणी मिळत नाही, जो तयार असतो त्याला लवकर घेतात. सहा महिने जरी काढलेत तरी जॉईन झाल्याच्या पहिल्याच दिवशी नेमणूक पत्र मागून घ्या, पुढच्या अर्जाला अनुभव कधीपासूनचा हे त्यावरून दाखवता येतं.