गाडीतल्या बारीकसारीक कटकटी: दोष फिजिक्सचा की कंपनीचा?

गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, एअरबॅग मोजतो, सनरूफ उघडून बघतो, आणि मग पुढची सात-आठ वर्षं भांडतो ते भलत्याच गोष्टींशी. डॅशबोर्डमधून येणारी टकटक, पावसात धूसर होणारी काच, ऐन ट्रॅफिकमध्ये मंदावणारा एसी. शोरूममध्ये यातलं काहीच कळत नाही, कारण तिथे पाऊसही नसतो आणि खड्डेही नसतात. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी पुसायला चार जण जमले की विषय हाच आणि निदानही ठरलेलं, "कंपनीवाल्यांनी पैसे वाचवले." कधीकधी ते शंभर टक्के खरं असतं. पण बऱ्याचदा भानगड वेगळीच असते, एक त्रास मिटवायला इंजिनियर मंडळींनी दुसरा मुद्दाम पत्करलेला असतो, नाहीतर गाडीचं गणित ज्या हवेसाठी मांडलं ती हवा ठाण्याची नसतेच.

आधी काचेचं बघू, कारण जुलैमध्ये माजिवड्याच्या पुलावर समोरचं दिसेनासं झालं की बाकीच्या तक्रारी आपोआप विसरायला होतात. हवा जितकी गार तितकी वाफ तिच्यात कमी मावते. एखादी वस्तू इतकी गार झाली की तिला लागून असलेल्या हवेतली वाफ पाणी होऊन तिच्यावर बसायला लागते, त्या तापमानाला म्हणायचं दवबिंदू. बाहेर २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, म्हणजे आपला नेहमीचा पावसाळी दिवस, तर दवबिंदू येतो साधारण २६ अंशांवर. काच जेमतेम दोन अंशांनी गार झाली की झालं! आता तुम्ही एसी २० वर ठेवलाय आणि गार झोत काचेवर सोडलाय, तर काच २६ च्या खाली जाणारच आणि धुकं धरणार ते बाहेरच्या बाजूने, बहुतेक वेळा खालून, जिथे झोत लागतो तिथून सुरुवात. उलट पेट्रोल वाचवायला एसी बंद ठेवलात, गाडीत चार माणसं, दोन ओल्या छत्र्या आणि पायाखाली चिंब झालेली मॅट असेल, तर आतल्या हवेतली वाफ भराभर वाढते आणि बाहेर पावसाच्या पाण्याने गार झालेल्या काचेवर आतून बसते.

दिसायला दोन्ही सारखंच, उपाय मात्र बरोबर उलटे. आतून धुकं असेल तर एसी चालू करायचा, कारण एसीची आतली कॉइल अगदी थंडगार असते, हवेतलं पाणी तिच्यावर जमतं आणि पाइपने गाडीखाली टपकतं, म्हणजे गारव्याबरोबर हवा कोरडी करायचं कामही तोच करतो. बाहेरून धुकं असेल तर वायपर एकदा फिरवायचा, झोत काचेवरून काढून तोंडाकडे वळवायचा आणि तापमान २५-२६ पर्यंत वर न्यायचं. कुठल्या बाजूचं आहे ते कळायला काचेवर आतून एक बोट फिरवा, रेघ उमटली तर आतलं, नाही उमटली तर बाहेरचं.

गंमत बघा, काचेचं चित्र आणि वर जाणारे बाण असलेलं जे बटण असतं ना, ते मुळात थंड देशांचा विचार करून आलेलं आहे. तिथे हिवाळ्यात बाहेरची हवा कोरडी आणि धुकं कायम आतून, त्यामुळे बटण दाबलं की बऱ्याच गाड्या बाहेरची हवा आत घेतात आणि सगळा झोत काचेवर मारतात. तिकडे सोबत हीटर असतो म्हणून झकास काम होतं. आपल्याकडे बाहेरची हवाच पाण्याने भरलेली आणि हीटर कोण लावतोय, त्यामुळे तेच बटण तापमान कमी ठेवून दाबलं तर बाहेरचं धुकं वाढतं आणि माणूस घाबरून पंखा आणखी जोरात करतो. याला डिझाइनची चूक म्हणायची का? मी म्हणेन अर्धी. बटण बरोबर आहे पण दोन बाजूंचा फरक ओळखायचं कोणी मालकाला सांगत नाही, मॅन्युअलमध्ये असलं तरी मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीतच असतं.

मागच्या काचेची गोष्ट निराळी. हॅचबॅक आणि एसयूव्हीची मागची काच पावसात पाच मिनिटांत चिखलाने माखते आणि शेजारच्या सेडानची तुलनेनं स्वच्छ राहते. हवा टपावरून सरकत येते आणि हॅचबॅकमध्ये टप एकदम संपतो, तिथे हवेला वळण घेता येत नाही म्हणून ती सुटते आणि मागे कमी दाबाची एक पोकळी तयार होते. चाकांनी उडवलेला गढूळ फवारा त्या पोकळीत ओढला जातो आणि काचेवर येऊन बसतो. सेडानची काच तिरकी उतरते, हवा तिला बरीचशी धरून डिकीपर्यंत जाते आणि घाण ओढणारी पोकळी काचेच्या खाली, डिकीच्या मागे राहते. म्हणजे हॅचबॅकला मागचा वायपर हवाच हवा, हे शास्त्र सांगतं. आणि खालच्या व्हेरियंटमधून नेमका तोच गायब असतो! इथे मात्र मी पार्किंगमधल्या मंडळींच्या बाजूने आहे, हे फिजिक्स नाही, हा हिशोब आहे, आणि तोही ज्या देशात चार महिने पाऊस पडतो तिथे.

आता जरा गंभीर. विंडस्क्रीनच्या दोन बाजूंचे ते तिरके खांब, ज्यांना ए-पिलर म्हणतात, ते जुन्या गाड्यांपेक्षा जाड झालेत हे पन्नाशीच्या पुढचा कुठलाही ड्रायव्हर सांगेल. जुन्या प्रीमियर पद्मिनीचे खांब काडीएवढे होते, बाहेरचं सगळं दिसायचं, पण गाडी उलटली तर टप डोक्यावर. अमेरिकेने २००९ साली नियम बदलला, आधी टपाने गाडीच्या वजनाच्या दीडपट भार सोसायला हवा होता तो तिप्पट केला, आणि भार पेलायचा म्हणजे खांब दणकट हवेत. त्यात हवेला अडथळा कमी व्हावा म्हणून काच जास्त कलती झाली, म्हणून खांबही कलला आणि नजरेला आणखी रुंद दिसायला लागला.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा-साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं. खांब त्यापेक्षा अरुंद असेल तर एका डोळ्याला जे झाकलं गेलं ते दुसऱ्याला दिसतं आणि थोडं लांब गेलं की काहीच पूर्ण लपत नाही. खांब त्याहून रुंद झाला की मात्र दोन्ही डोळ्यांना न दिसणारी एक पट्टी तयार होते आणि ती अंतराबरोबर रुंद होत जाते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतल्या १२५ क्रमांकाच्या नियमात प्रत्येक खांबाने दोन्ही डोळ्यांआड केलेला कोन ६ अंशांपेक्षा जास्त असू नये असं आहे. सहा अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण २० मीटरवर त्याचे होतात सुमारे दोन मीटर. अख्खी बाइक मावते त्यात, समोरून येणारी रिक्षासुद्धा.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे लपलेली बाइक लपलेलीच राहू शकते. वाशी-नेरुळच्या सेक्टरमधल्या एखाद्या सर्कलजवळ तुम्ही हळूहळू पुढे सरकताय आणि बाजूच्या रस्त्याने बाइक येतेय, दोघांचे वेग असे जुळले की तुमच्या नजरेतून तिची दिशा बदलतच नाही, तर ती खांबामागे जिथे आहे तिथेच राहते आणि फक्त जवळ येत जाते. आणि हे जुळून येणं म्हणजेच टक्कर होणार असणं. बोटीवरच्या लोकांना हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे, दुसरं जहाज एकाच दिशेला दिसत राहिलं आणि मोठं होत गेलं की वाट बदलायची. गाडीत उपाय फुकटचा आहे, चौकात मान आणि खांदे थोडे पुढेमागे करून बघायचं. बाहेरून बघणाऱ्याला विचित्र दिसतं, दिसू दे.

पाम बीच रोडला रात्री रस्ता मोकळा असला, मागची एक काच अर्धी खाली केली की कानात धबधबधब सुरू होतं ते अनुभवलंय? बरेच लोक टायर बघतात, बेअरिंग बदलतात. गाडी पूर्ण ठीक असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली की ती घुमते, तेच इथे होतं, गाडी ही बाटली आणि उघडी काच तिचं तोंड. याला हेल्महोल्ट्झ अनुनाद म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून. गाडीचा आकार मोठा म्हणून सूर फार खालचा, साधारण २० हर्ट्झच्या आसपास, जिथे माणसाच्या ऐकण्याची मर्यादाच येते, म्हणून तो आवाजापेक्षा कानावरचा दाब जास्त वाटतो. पुढच्या काचेला हे कमी होतं कारण बाहेरचा आरसा हवेचा प्रवाह आधीच विस्कटतो. दुसरी कुठलीही काच दोन बोटं खाली करा, थांबतं. नव्या गाड्यांचं सीलिंग चांगलं झालं म्हणून त्यांच्यात हा प्रकार जास्त जाणवतो, म्हणजे ही तक्रार चांगल्या बांधणीचीच.

स्पीडोमीटर जास्त दाखवतो ही तक्रारही अशीच, अटल सेतूवर काटा १०० वर आणि मोबाइलचा मॅप ९५ च्या आसपास. संयुक्त राष्ट्रांचाच ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवायचं तर खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतकंच. गाडीला वेग कळतो चाकाच्या फेऱ्यांवरून, टायर नवा असताना घेर मोठा आणि झिजल्यावर लहान, हवा कमी-जास्त, त्यामुळे कंपनी आधीच वरच्या बाजूला झुकून राहते. पेट्रोलच्या काट्याचं पण तेच, टाकी वेडीवाकडी आणि आत दांडीवर तरंगणारा एक फ्लोट, गायमुखच्या घाटात चढावर काटा हलला म्हणून पेट्रोल चोरीला गेलं असं नाही.

ट्रॅफिकमध्ये एसी मंदावतो कारण बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप, इंजिनाच्या बेल्टवर फिरतो, इंजिन हळू तर तोही हळू, वर समोरून हवा नाही म्हणून कंडेन्सरची (गाडीच्या तोंडाशी असलेल्या, एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीची) उष्णता एकट्या पंख्याने घालवायची. इलेक्ट्रिक गाडीत कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते, त्यामुळे कासारवडवलीला अर्धा तास अडकलं तरी गारवा तसाच.

टचस्क्रीनबद्दल मात्र मला कंपन्यांची बाजू घेता येत नाही. एसी, पंखा, काही गाड्यांत तर आरशाची सेटिंगसुद्धा स्क्रीनच्या तीन पानं आत. गोल नॉब बोटांना पाठ होतो, नजर रस्त्यावरून हटवावी लागत नाही, सपाट काचेवर बोटाला काहीच लागत नाही म्हणून बघावंच लागतं. स्वीडनमधल्या एका ऑटो मासिकाने २०२२ साली चाचणी घेतली, ताशी ११० च्या वेगात ठरावीक चार कामं करायची, २००५ सालच्या बटणवाल्या व्होल्वोत ती १० सेकंदांत झाली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात वाईट टचस्क्रीनवाल्या गाडीत लागले ४४.९ सेकंद आणि अंतर १३७२ मीटर! गाड्यांची सुरक्षितता तपासून स्टार देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने २०२६ पासूनच्या गुणांकनात इंडिकेटर, हॅझर्ड, वायपर, हॉर्न अशा मोजक्या गोष्टींना खरी बटणं हवीत असं धरलंय. बटण म्हटलं की साचा आला, वायर आली, स्विच आला, स्क्रीनवर तेच काम सॉफ्टवेअरमध्ये होतं, स्वस्त पडतं आणि शोरूममध्ये आधुनिक दिसतं. हिशोबच.

राहिली डॅशबोर्डची टकटक. डॅशबोर्ड बहुतांशी प्लॅस्टिकचा, तो बसतो लोखंडी सांगाड्यावर, आणि प्लॅस्टिक तापल्यावर लोखंडाच्या कितीतरी पट फुगतं. मेमध्ये उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सहज ७० अंशांवर जातो, त्या वेळी सव्वा-दीड मीटर लांबीचा तो तुकडा खालच्या लोखंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त वाढू शकतो. क्लिपा घट्ट बसवल्या तर प्लॅस्टिक वाकेल, तडकेल, म्हणून भोकं मुद्दाम थोडी लांबट ठेवतात आणि ती मोकळीक खड्ड्यांवर वाजते. कंपन्यांमध्ये या आवाजांवर काम करणारी वेगळी टीमच असते, बझ, स्क्वीक आणि रॅटल, म्हणजे गुणगुण, करकर आणि खडखड. ठरावीक तापमानाला, ठरावीक स्पीडला, ठरावीक रस्त्यावरच तो भाग थरथरतो, म्हणून तर सर्व्हिस सेंटरचा मुलगा गुळगुळीत डांबरी रस्त्यावर एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "सर, आवाज येतच नाहीये." तो खोटं बोलत नसतो. त्याला शेजारी बसवायचं, आवाज दुपारी येत असेल तर दुपारीच, पेव्हर ब्लॉकच्या त्याच पट्ट्यावर न्यायचं, आणि एका हाताने एकेक पॅनल दाबत जायला सांगायचं. ज्याच्यावर हात ठेवल्यावर टकटक थांबते तिथे आतून फेल्टची पट्टी चिकटवली की बहुतेक वेळा काम भागतं, निदान पुढचा उन्हाळा येईपर्यंत तरी.